रात्री हात बधिर का होतो? मनगटातील दबलेल्या नसेविषयी सभासदांसाठी माहिती



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि कीड-रोग याविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. पीक कोणतेही असो, ऊस, केळी की कपाशी, शेवटी ते हातानेच होते. कोयता हाताने चालतो, निंदणी हाताने होते, म्हैस हाताने पिळली जाते. त्या हाताचेच एक दुखणे आपल्या यावल भागात बऱ्याच घरांत आहे. पण त्याला दुखणे म्हणून कोणी मोजत नाही. 'हात झोपतो', 'मुंग्या येतात', 'वात आहे' असे म्हणून वर्षे काढली जातात. डॉक्टर लोक त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे.

आम्ही डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहोत. तरी हे लिहितो याला दोन कारणे आहेत. एक आमच्या स्वतःच्या हाताचे आणि दुसरे आमच्या हातून झालेल्या एका चुकीचे.

आधी आमचे सांगतो. मागे एका हंगामात उसाची पक्वता तपासत आम्ही गटागटाने फिरत होतो. दिवसभर मोटारसायकल, मग फडात उतरून कांडीला टोचा मारायचा, रस काढायचा आणि ब्रिक्स मीटर डोळ्याला लावायचे. काही दिवसांनी मीटर हातातून निसटू लागले. रात्री दोन-तीनच्या सुमाराला जाग यायची ती उजवा हात लाकडासारखा झालेला असायचा. खाटेच्या काठावर बसून हात जोरजोराने झटकला की मुंग्या यायच्या आणि पाच-दहा मिनिटांनी बरे वाटायचे. थंडीचे दिवस होते, म्हणून आम्ही दोष थंडीला दिला आणि गोळ्या खात तीन महिने काढले.

आता दुसरे. त्याच्या दोन वर्षे आधी आमच्या एका सभासद भगिनीने, वय पन्नाशीच्या पुढे, फडाच्या बांधावर आम्हाला सांगितले होते, "साहेब, विळा हातातून गळतो. रातभर झोप नाही." आम्ही काय सांगितले? "थंडी आहे काकू, तेल चोळा." आमचा स्वतःचा हात डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांची आठवण झाली. भेटायला गेलो तर त्यांच्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग पार खोलगट झालेला. दोन बोटांवर तव्याचे डाग, कारण चटका बसला तेव्हा बोटांना समजलेच नव्हते. पुढे त्यांचे ऑपरेशन झाले. रात्रीची झोप परत आली, आग थांबली. परंतु अंगठ्याची ताकद परत आली नाही. आजही त्यांना नातवाच्या सदऱ्याचे बटण लावता येत नाही. त्या दिवशी आम्ही 'डॉक्टरांना दाखवा' एवढे दोन शब्द बोललो असतो तर कदाचित हे टळले असते. म्हणून हा लेख.

नस दबते म्हणजे काय होते?

तळहात वर करून मनगट बघा. तळहात जिथे सुरू होतो तिथे आत एक अरुंद बोगदा आहे. त्याचा तळ आणि बाजू मनगटाच्या लहान हाडांच्या, आणि वर छपरासारखा एक जाड, चिवट पट्टा. बांधाखाली पाटाची मोरी असते तशीच ही मोरी समजा. या मोरीतून बोटे मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे स्नायूबंध, जातात आणि त्यांच्याबरोबर एक मऊ नस जाते. ही नस अंगठा, त्याच्या शेजारचे बोट, मधले बोट आणि करंगळीशेजारच्या बोटाची अर्धी बाजू यांना स्पर्शज्ञान देते. अंगठ्याच्या बुडाचे स्नायूही तिच्यावरच चालतात.

मोरी हाडाची आणि चिवट पट्ट्याची, ती काही ताणली जात नाही. आतल्या दोऱ्यांवरचे आवरण सुजले किंवा अंगात पाणी धरले, की दाब वाढतो. दोऱ्या चिवट असतात, त्यांना काही होत नाही. दबते ती मऊ नस. मनगट आत किंवा बाहेर वाकवले की हा दाब आणखी कित्येक पटींनी वाढतो. झोपेत आपण हात मुडपून, उशाखाली घेऊन झोपतो आणि तासन् तास मनगट वाकलेले राहते. म्हणून त्रास रात्री जास्त.

ठिबकवाल्या सभासदांना हे लगेच पटेल. लॅटरलवर दगड पडला तर पुढच्या उसाला पाणी कमी जाते. दगड दोन दिवसांत उचलला तर पीक जसेच्या तसे उभे राहते. पण उन्हाळाभर तो तसाच राहिला, तर नंतर दगड उचलल्यावर पाणी येईल, वाळलेला ऊस मात्र हिरवा होणार नाही. अंगठ्याच्या स्नायूचे असेच आहे. वेळ हीच यातली मुख्य बाब आहे.

ओळखावे कसे?

पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात :

१) मुंग्या, बधिरपणा किंवा आग अंगठा व त्याच्या बाजूच्या अडीच-तीन बोटांत असते. करंगळी बहुधा चांगली असते. 'सगळाच हात बधिर होतो' असे वाटले तरी एकदा एकेक बोट नीट तपासून बघावे.

२) रात्री किंवा पहाटे जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. ही मोठी खूण आहे.

३) मोटारसायकल चालवताना, मोबाइल कानाला धरून बोलताना, वर्तमानपत्र धरून वाचताना हात बधिर होतो.

४) वस्तू हातातून पडतात. बटण लावणे, सुईत दोरा ओवणे, नोटा मोजणे जमत नाही.

५) अंगठ्याच्या बुडाचा फुगीर भाग सपाट किंवा खोलगट होतो. ही पुढच्या पायरीची खूण आहे. इथपर्यंत आल्यावर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. दोन्ही तळहातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवाव्यात, बोटे जमिनीकडे सोडावीत, मनगटे पूर्ण वाकलेली राहतील असे एक मिनिट धरावे. तेवढ्यात त्या तीन बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. फॅलन नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९५० नंतरच्या दशकात ही परीक्षा प्रचारात आणली, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र घरच्या परीक्षेवर निकाल लावू नये. माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवत नाही, तसेच हे. डॉक्टर हात तपासतात आणि गरज वाटल्यास नसेतून वीज किती वेगाने जाते याची तपासणी करून घेतात. तिला एन.सी.व्ही. म्हणतात. तिच्यावरून नस कुठे दबली आणि किती दबली हे कळते.

कोणाला जास्त होतो?

स्त्रियांना हा त्रास पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त, साधारण तिपटीच्या आसपास होतो. चाळीस ते साठ हे वय त्याचे खास. याशिवाय मधुमेह, थायरॉइड कमी काम करणे, संधिवात, वजन जास्त असणे आणि पूर्वी मनगटाचे हाड मोडलेले असणे या गोष्टी त्याला वाव देतात. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत अंगात पाणी धरते, तेव्हाही तो होतो. परंतु बाळंतपणानंतर बहुतेकींचा आपोआप जातो. तोपर्यंत रात्री पट्टी बांधली की पुरते.

दुसरे कारण कामाचे. मनगट वाकवून, जोर लावून, तेच ते काम तासन् तास करणे, किंवा धक्के आणि थरथर बसणारे यंत्र धरणे. आता आपली कामे आठवा. ऊसतोड, बेण्याच्या टिपऱ्या तोडणे, खोडव्याचे बुडखे छाटणे, पाचट काढणे, केळीची पिले आणि पाने कापणे, खुरप्याने निंदणी, कपाशीची वेचणी, पाठीवरच्या पंपाचा दांडा मारणे, धार काढणे. वर घरी आल्यावर बायकांना भाकरीचे पीठ मळणे आणि धुणे पिळणे आहेच. म्हणून या लेखाचा अर्धा भाग आमच्या भगिनींसाठी आहे. पुरुष सभासदांनी तो घरी वाचून दाखवावा.

प्रत्येक मुंगी ही याच रोगाची नव्हे

इथे गफलत होऊ नये, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर दबलेली नस दुसरी, बहुधा कोपराजवळची असते. मानेपासून खांद्यातून खाली कळ येत असेल तर मूळ मानेच्या मणक्यात असू शकते. दोन्ही पायांच्या तळव्यांनाही मुंग्या असतील तर मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी. आपल्याकडे शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. शाकाहारी माणूस मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षे घेत असेल तर ही कमतरता होण्याची शक्यता अधिक. साधी रक्ततपासणी केली की कळते.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्या चट्ट्याला स्पर्श कळत नसेल आणि सोबत हाताची बोटे बधिर असतील तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. यात लाजण्यासारखे काही नाही. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते, सहा ते बारा महिन्यांच्या उपचाराने रोग पूर्ण बरा होतो आणि वेळीच घेतल्यास हात वाकडा होत नाही. लपवल्यानेच नुकसान होते.

आणि एक अगदी तातडीची गोष्ट. एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ती मनगटाची नस नव्हे, तो पक्षाघात. तेल चोळत बसू नये. लगेच १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तसेच पडून मनगट मोडले आणि बोटे झपाट्याने बधिर होऊ लागली, तर हाड बसवणाऱ्याकडे न जाता थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

उपाय : पहिली पायरी, रात्रीची पट्टी

सुरुवातीच्या आणि मधल्या अवस्थेत सर्वात साधा उपाय म्हणजे मनगट सरळ ठेवणारी पट्टी. औषधांच्या दुकानात ती मिळते. तिच्यात तळहाताच्या बाजूने एक पातळ, कडक पट्टी असते. मनगट ना आत वाकलेले ना बाहेर, सरळ राहिले पाहिजे. काही पट्ट्या मनगट मागे वाकवतात, तशी असेल तर डॉक्टरांना दाखवून सरळ करून घ्यावी. ती रात्री झोपताना बांधायची, रोज, किमान सहा आठवडे. चार दिवस बांधून 'फरक नाही' म्हणून खुंटीला टांगू नये. आवळून बांधू नये, नाहीतर बाहेरूनच दाब पडतो. याच कारणासाठी घट्ट बांगड्या आणि घड्याळाचा घट्ट पट्टा रात्री काढून ठेवावा.

आम्ही स्वतः दोन महिने पट्टी बांधली. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची जाग कमी झाली, दीड महिन्यात थांबली. सर्वांना एवढाच गुण येतो असे नाही. पण नस फार खराब झालेली नसेल तर आधी हाच उपाय करून पाहण्यासारखा आहे.

वेदनाशामक गोळ्यांचा या रोगात विशेष उपयोग होत नाही. महिनोन् महिने खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड बिघडते. ब-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. उलट मोठ्या मात्रेत फार दिवस घेतल्यास त्यांनीच नसांना इजा होते. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण मनगट रगडणे, 'शीर मोडणे' आणि डाग देणे हे बिलकूल करू नये. बधिर हाताला डागले तर जखम चिघळेपर्यंत कळत नाही.

कामाची पद्धत बदलावी

हा भाग आमच्या खात्याचा आहे, म्हणून थोडे अधिकाराने सांगतो.

कोयता आणि विळा : धार नेहमी चांगली ठेवावी. बोथट कोयत्याला जास्त जोर लागतो आणि तो सगळा मनगटावर येतो. मूठ फार बारीक असू नये. बारीक मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की पकड सैल ठेवूनही कोयता निसटत नाही आणि धक्का कमी बसतो. घाव खांद्यातून आणि कोपरातून घालावा, मनगट फिरवून नव्हे.

निंदणी : खुरपे धरताना मनगट सरळ राहील असे बसावे. जिथे ओळीतले अंतर आहे तिथे उभ्याने चालवायचे हातकोळपे वापरावे. उसात पाचटाचे आच्छादन केले तर तणही कमी उगवते. जमिनीसाठी आम्ही हे वर्षानुवर्षे सांगत आलो, ते हातासाठीही चांगले आहे.

धार काढणे : अंगठा मुडपून सड ओढण्याची सवय सोडावी. पूर्ण मुठीने धार काढावी. अंगठा मुडपल्याने म्हशीच्या सडालाही इजा होते हे पशुवैद्यक सांगतातच. आता आपल्या हाताचेही लक्षात घ्यावे. जास्त जनावरे असतील तर दोघांनी वाटून घ्यावीत.

फवारणी : पाठीवरच्या पंपाचा दांडा मारताना दर टाकीला हात बदलावा. शक्य असेल तर बॅटरीवरचा पंप घ्यावा.

एकच काम दिवसभर नको : दोन तास तोड, मग मोळी बांधणे, मग वाहतूक, असे काम आलटून पालटून करावे. तासाभराने दोन मिनिटे हात सैल सोडावेत, बोटे उघडावीत, मिटावीत. एवढ्याने फड मागे पडत नाही.

पट्टी दिवसा कोयता चालवताना मात्र घालू नये, हात अडखळून इजा होईल. बोटे बधिर असलेल्यांनी चूल, तवा आणि धारदार हत्यार यांपासून जपून राहावे, कारण चटका आणि काप त्यांना उशिरा कळतो.

दुसरी आणि तिसरी पायरी : सुई आणि ऑपरेशन

पट्टीने सहा ते बारा आठवड्यांत गुण आला नाही तर डॉक्टर मनगटात स्टेरॉइडची सुई देतात. तिने आराम लवकर पडतो, पण पुष्कळांचा तो काही महिनेच टिकतो. मधुमेह असलेल्यांनी तो आधी सांगावा, कारण सुईनंतर काही दिवस साखर वाढते. ही सुई नसेच्या शेजारी द्यायची असते. म्हणून ती जाणकार डॉक्टरांकडूनच घ्यावी, बाजारच्या दिवशी कोणाकडूनही टोचून घेऊ नये.

बधिरपणा सतत राहू लागला, ताकद कमी झाली किंवा अंगठ्याचे बूड वाळू लागले तर ऑपरेशन. याची लोकांना उगाच धास्ती आहे. तेवढीच जागा बधिर करून मोरीचे छप्पर म्हणजे तो चिवट पट्टा कापतात आणि नसेला जागा मोकळी करून देतात. नस कापत नाहीत, हे नीट लक्षात ठेवावे. साधारण पंधरा-वीस मिनिटांचे काम, बहुधा त्याच दिवशी घरी. दहा-चौदा दिवसांनी टाके निघतात. बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची असतात. हलकी कामे दोन-तीन आठवड्यांत होतात. कोयता, फावडे अशा जड कामाला मात्र दीड ते तीन महिने लागतात. तळहात काही महिने दाबला की दुखतो, पकडही तोवर कमी वाटते, ती हळूहळू येते. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवताना आपली तोड, लागण आणि घरची कामे यांचा मेळ घालावा. पण 'हा हंगाम जाऊ द्या' असे म्हणत तीन हंगाम घालवू नयेत.

दाखवायचे कुठे? पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा यावलच्या ग्रामीण रुग्णालयात करता येईल. पुढे अस्थिरोग विभागासाठी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, धुळ्यालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी रुग्णालयात जाणार असाल तर शासनाच्या आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो काय, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावे. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत ठेवावे.

तोडणी मजुरांविषयी एक शब्द

आपल्या उसाची तोड जे नवरा-बायको करतात, त्यांना आपण 'एक कोयता' म्हणून मोजतो. माणसे दोन, मोजणीत कोयता एक. त्यांचे हात हंगामभर थांबत नाहीत आणि दवाखान्यात गेले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ते तक्रार करत नाहीत याचा अर्थ त्यांना त्रास नाही असा नव्हे. आपल्या फडात तोड चालू असताना कोणी हात झटकताना दिसले, तर सभासदांनी विचारपूस करावी, एक दिवस दवाखान्यात जायला मोकळीक द्यावी आणि आमच्या शेतकी मदतनिसाला कळवावे.

शेवटी एवढेच. उसाच्या पानावर एक ठिपका दिसला तरी आपण पान तोडून गट कार्यालयात दाखवायला आणता. तीच सवय हाताच्या बाबतीत लावा. आज रात्री घरातल्या सर्वांना एकच प्रश्न विचारा, 'रात्री हात बधिर होऊन जाग येते का?' उत्तर होय आले, तर या आठवड्यात दाखवून घ्या. तेल चोळण्याचा सल्ला आम्ही एकदा दिला. तो सल्ला आम्ही येथे जाहीरपणे परत घेत आहोत.

आपला,
ऊस विकास अधिकारी